अनारकान एजेनं घातलेलं वाक्य

किरगिझ डोंगरांतल्या नारिन गावच्या कला महाविद्यालयाचा चित्रपट विभाग म्हणजे दोन खोल्या, एक सभागृह, अकरा विद्यार्थी आणि अनारकान एजे, म्हणजे अनारकानताई. कागदोपत्री ती ग्रंथपाल. पण गुरुवारी दुपारी तीनला विभागाचा खेळ लागला की ती शेवटच्या रांगेत टेबलदिव्याखाली माइक ओढून बसायची, आणि पडद्यावरचे सगळे, नवरदेवापासून न्यायाधीशापर्यंत, तिच्या एकटीच्या आवाजात किरगिझ बोलू लागायचे. पुढ्यात संवादांचे टंकलेले रशियन कागद, त्यावरून तोंडी भाषांतर. आवाज मात्र सपाट. "रडायचं काम पडद्यावरच्या बाईचं," ती म्हणायची, "मीच रडले तर तिनं काय करायचं?" एकतीस वर्षांत तिनं कितीतरी खून आणि काडीमोड चहाचे घोट घेत उरकले होते. खेळाला विद्यार्थ्यांपेक्षा गावच जास्त लोटायचं, आणि गावाला या आवाजाशिवाय चित्रपट बघवतच नसे.

एवढ्या कारकिर्दीत तिच्या हातून एकच लबाडी झाली. एका जुन्या जॉर्जियन चित्रपटाच्या शेवटी मुलगा घर सोडून निघतो, बाप फाटकापाशी येऊन पाठमोरा उभा राहतो आणि दोन मिनिटं कोणी चकार शब्द काढत नाही. पहिल्याच खेळाला लोकांना वाटलं, माइक बंद पडला. शिट्ट्या सुरू झाल्या, बाकं बडवली गेली. घाबरलेल्या एजेच्या तोंडून निघून गेलं, "जा बाळा. फाटक मी लावणार नाही."

सभागृह चिडीचूप झालं. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. पुढल्या वर्षी तोच चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा ते वाक्य गाळायची तिची छाती झाली नाही. त्यानंतर तर ते वाक्य गावाचंच झालं. रशियात कामाला निघालेल्या पोरांना आया बसथांब्यावर तेच सांगू लागल्या. एजे ते ऐकायची आणि रस्त्याची बाजू बदलायची.

यंदा विभागप्रमुख एसेनबेक धावतच ग्रंथालयात आला. कधीकाळी तोही तिचा प्रेक्षक होता.

"एजे, जुम्बेर स्वतः येतायत! त्या जॉर्जियन चित्रपटाचे दिग्दर्शक! खेळ, मग गप्पा. त्यांची खुर्ची तुमच्या शेजारी. गप्पांचं भाषांतरही तुम्हीच करायचं."

"मला बरं नाही रे."

"सकाळी पुस्तकांचा खोका खांद्यावर घेऊन जिना चढत होतात!"

"तेव्हा बरं होतं."

पण तिची सुटका नव्हती. जुम्बेर ऐंशीचे, बुटके, हसरे. डोलोनची खिंड ओलांडून आले ते आल्या आल्या बेशबारमाकच्या, म्हणजे मटण-शेवयांच्या, दोन वाट्या रिचवून सभागृहात बसले. त्यांना किरगिझचा गंधही नव्हता. पण मुकं दृश्य चालू असताना शेजारची बाई बोलू लागली, तर ते कळायला भाषा कशाला हवी? एजेनं ठरवून टाकलं, या खेपेला गप्प राहायचं.

शेवट आला. बाप फाटकापाशी आला. एजेनं ओठ घट्ट मिटले. पुढच्या रांगांमधल्या माना एकेक करून मागे वळल्या. तिनं दिव्याकडे बघत दोन मिनिटं काढली. एकतीस वर्षांत एवढी लांब दोन मिनिटं तिनं पाहिली नव्हती.

दिवे लागले. एसेनबेकनं पाहुण्यांची ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तोवर बाजारात पाव विकणारी झूरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओळख राहू दे. यांना विचार अनारकान, बापाचं वाक्य कोणी कापलं?"

"हो, कोणी कापलं?" मागून दोघं-तिघं गरजले.

"माझा पोरगा सहा वर्षं रशियात, नोवोसिबिर्स्कला आहे," झूराचा आवाज चढला. "दर फोनला मी त्याला तेच सांगते. आणि हा भला माणूस स्वतःच्याच चित्रपटातून ते काढून टाकतो? का म्हणून?"

"काय म्हणतायत त्या?" जुम्बेरनी उत्सुकतेनं रशियनमध्ये विचारलं.

आमचा पाव आवडला का, असं विचारतायत, एवढं सांगून एजेला सुटता आलं असतं. पण रशियन कळणारे पन्नास म्हातारे समोर बसले होते, आणि झूरा तिच्याकडे बघत होती. एजेनं तिचा प्रश्न शब्दन् शब्द रशियनमध्ये सांगितला. मग ती उठून उभी राहिली आणि आधी रशियनमध्ये, नंतर किरगिझमध्ये म्हणाली, "ते वाक्य कोणी कापलं नाही. चित्रपटात ते कधी नव्हतंच. मी घातलं होतं."

"म्हणजे?" झूरा मटकन खाली बसली. "मग माझ्या पोराला सहा वर्षं मी काय सांगत बसले?"

शरमेनं एजेचे कान तापले. ही नोकरी गेली तरी चालेल, पण झूराचा तो चेहरा नको, असं तिला झालं.

"वाक्य काय होतं?" जुम्बेरनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, ती नीट करत बसले. मग हळू आवाजात रशियनमध्ये दोन वाक्यं बोलले. समोरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"एजे, काय म्हणाले?" पोरं विचारू लागली. झूरा विचारत नव्हती, नुसती बघत होती.

भाषांतर करणारानं "ते म्हणतात" असं म्हणायचं नसतं. दुसऱ्याचं बोलणं "मी" म्हणूनच बोलायचं असतं. एजेनं माइक जवळ घेतला आणि नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, "हे वाक्य मी माझ्या चित्रपटात कधीच घेतलं नसतं."

मग ती झूराकडे वळली.

"पण माझ्या बापानं मला हे म्हटलं असतं, तर मी एकदा तरी घरी परत गेलो असतो."

हे दुसरं वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही.