पेढे

मशीन आलं तेव्हा आमच्या सोलापूरच्या बँकेत कुणाचीही नोकरी गेली नाही, असं आम्ही निवृत्त मंडळी अजून अभिमानाने सांगतो. ते खरं नाही. एकाची गेली.

हिशेबाचं ते मशीन चालवायला मशीनच्या कंपनीने त्याला कंत्राटावर पाठवलं होतं, कारण संघटनेच्या आदेशामुळे आम्ही परमनंट कारकून मशीनला हात लावत नव्हतो. तो विणकराच्या घरातला, तेलुगू बोलणारा. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे साधं बोलणंही ओरडून. मशीनपुढे बसताना चपला काढून ठेवायचा. आमच्या चहाच्या क्लबात कंत्राटी माणूस चालत नसे, म्हणून पेला घरून आणायचा. तरी आम्हा सगळ्यांना ‘साहेब’ म्हणायचा.

अखेर संघटनेचा बँकेशी करार झाला. परमनंट कुणालाही कमी करायचं नाही आणि मशीनवरही आमचीच माणसं बसवायची. महिनाअखेरीला त्याला जावं लागणार, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं. मी पेढे वाटत होतो.

“कशाचे हो साहेब?”

“कुणाची नोकरी जाणार नाही,” मी म्हणालो.

“लई बेस झालं की! बायको रोज इचारती, तुमाला कवा काढतेत म्हणून. आज सांगतो तिला, साहेब लोकांनी वाचिवलं.”

एक पेढा त्याने तोंडात टाकला, दुसरा रुमालात बांधायला घेतला. शेजारचा कारकून हसू दाबत म्हणाला, “अहो, मशीनवाल्यांना अजून द्या की, घरी न्यायचेत.”

मी त्याच्या रुमालात आणखी दोन पेढे ठेवले.