मोकळ्या वेळाचा रकाना

आमच्या अर्थशास्त्र विभागात पुस्तकांची कपाटं दोन आणि स्मृतिचिन्हांची तीन होती. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हरवलेली होती. ती कुणी शोधली नाही. स्मृतिचिन्हांची काच मात्र शिपाई रोज पुसायचा, कारण विभागप्रमुख आल्या आल्या तिच्यावरनं बोट फिरवून बघायचे.

मी तिथं तासिकेवर शिकवत होतो. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक नव्यानं व्हायची आणि ती विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या हातात होती. सरांचं कर्तृत्व सांगायचं तर सत्कार. ते ज्यांचा सत्कार करत ते पुढच्या महिन्यात यांचा करत. फोटो जिल्ह्याच्या पानावर येई. वर्गात ते तीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या नोट्स वाचून दाखवत, त्यातलं पान गहाळ झालं की पोरांना सांगत, हा भाग परीक्षेला येत नाही.

एका वर्षी सरांना संशोधन प्रकल्प मंजूर झाला. धरणाकाठच्या गावांतल्या बायकांचा दिवस कसा जातो, याची पाहणी. निष्कर्ष आधीच ठरलेला होता. नळ आला, गॅस आला, त्यामुळं बाईला मोकळा वेळ मिळाला आणि त्यातून तिचा विकास झाला. आता फक्त बायकांनी तसं सांगायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी धरणाकाठच्या माकणीपर्यंत कोण जाणार? सरांनी फॉर्मांचा गठ्ठा आमच्या टेबलावर ठेवला आणि बसल्या जागी भरून टाका म्हणाले.

मी चाळीस भरले. खोटं का सांगू, मन लावून भरले. पेनं बदलली, अक्षर बदललं, नावं पोरींच्या हजेरीपटातनं घेतली. एका फॉर्मवर मुद्दाम चहाचा थेंब पाडला, खेड्यात जाऊन आल्यासारखं दिसावं म्हणून. सरांनी तो सगळ्यांना दाखवला. याला म्हणतात फिल्डवर्क, असं ते म्हणाले आणि मला बरं वाटलं.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला सास्तूरची एक मुलगी होती. कमी बोलणारी, पुढच्या बाकावर बसणारी. तिच्या वाट्याला पंचवीस फॉर्म आले होते. ती चार रविवार भावाच्या मोटारसायकलवर बसून माकणीला गेली आणि पंचवीस घरांत बसून आली. तिच्या फॉर्मांमध्ये मोकळ्या वेळाचा रकाना जवळजवळ सगळीकडं रिकामा होता. एका ठिकाणी तिनं म्हातारीचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं, ‘मोकळा म्हंजी?’

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथंच होतो. रकाना कोरा ठेवायचा नसतो, हे तुला एवढं शिकून कळत नाही का, असं विचारून त्यांनी स्वतःच पेन उघडलं आणि तिच्यादेखत एकेका फॉर्मवर तास लिहीत गेले. तीन, चार, तीन. म्हातारीला त्यांनी साडेचार दिले. ती बघत उभी राहिली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग चर्चासत्र झालं. सभागृह भरायला माकणीहून टेम्पोनं बायका आणल्या होत्या. सरांनी निबंध वाचला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईलाच विचारलं, मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?

बाई उठून उभी राहिली. “आज हितं बसलाव, ह्योच मोकळा येळ. घरी म्हसरं अजून दावणीलाच हायती.”

लोक हसले. सरांनी लगेच माईक ओढून घेतला आणि पाहुण्यांना समजावलं, की बघा, ग्रामीण स्त्री आता मोकळा वेळ शैक्षणिक उपक्रमांना देते. त्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वर्षभरात प्रकल्पाचं पुस्तक निघालं. आभाराच्या पानावर आम्हा सगळ्यांची नावं होती. त्या मुलीचं नाव ‘टंकलेखन साहाय्य’ या ओळीत होतं. ती तेव्हा पास होऊन गेली होती, तरी पुस्तक घेऊन केबिनमध्ये आली. सरांना वाटलं, पाया पडायला आली.

“सर, माझं नाव काढा,” ती म्हणाली.

“अगं, आभारात घातलंय की. आणखी कुठं पाहिजे?”

“कुठंच नको. पुढच्या आवृत्तीत काढा.”

सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती गेल्यावर ते मला म्हणाले, “आजकालच्या पोरींना कृतज्ञताच न्हाय.” मी व्हय म्हणालो. माझं नाव त्याच पानावर, तिच्या दोन ओळी वर होतं. ते काढा म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. जून जवळ आला होता.

पुढं पुस्तकाला पुरस्कार मिळाला. सर निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या समारंभात मी त्यांच्या संशोधनवृत्तीवर पंधरा मिनिटं बोललो. दोन वर्षांनी मी कायम झालो.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलीचा फोन आला. ती आता एका संस्थेसाठी गावोगाव पाहणी करते. तिला मदतीला दोन विद्यार्थी हवे होते, पायी फिरायची तयारी असलेले. माझ्याकडं मागताना ती जराही अडखळली नाही आणि जुनं काही काढलंही नाही. मी दोन मुली निवडल्या. त्या निघताना मी म्हणालो, जे दिसेल, जे ऐकाल, तेच लिहा. दोघींनी माना डोलावल्या, जणू हे सांगायचा मला हक्कच होता.