घरचा मुलगा बसत नाही

शाझिनाने बावीस वर्षं डूख धरला होता आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. "विसर आता," म्हणायला कुणी आलंच, तर ती चुलीतलं जळतं लाकूड उचलून दाखवायची. कोडोरी नदीकाठच्या आमच्या गावात तिच्या हातचं धुरी दिलेलं चीज नावाजलेलं, पण तिच्याशी भाव करायची कुणाची छाती नव्हती. अंगात कायम काळा झगा, तोंडाचा पट्टा सुरू आणि पोटात एकच नाव, मुश्नी क्वाझबा.

मुश्नी म्हणजे देशाचा मोठा पुढारी. देश तो केवढा म्हणा! जगातली निम्मी माणसं तो देश आहे हेच मानत नाहीत. पण आम्ही लढून वेगळे झालो, आमचं निशाण आहे, आणि प्रत्येक शाळेत मुश्नीची तसबीर होती.

त्या लढाईत पुलावर एकोणीस पोरं उभी होती. त्यात शाझिनाचा एकुलता एक आदगूर. 'ट्रक पाठवतोय, हलू नका,' असा मुश्नीचा हुकूम. ट्रक आलेच नाहीत. ते त्याने स्वतःच्या घरचं सामान हलवायला वळवले होते. पोरं तिथेच मेली. आणि वर या गृहस्थाने सरकारी कागदात लिहिलं काय, तर पोरं चौकी सोडून पळाली! गावच्या स्मारकावर त्या एकोणिसांची नावं नव्हती ती म्हणून. हुकूम पोचवणाऱ्या स्वाराने शाझिनाला सगळं सांगितलं होतं, पण मुश्नीपुढे त्याला विचारतो कोण?

सत्तरी उलटल्यावर मुश्नीला राजधानीत आपल्या नावाचा चौक हवासा झाला. पण ज्याचं वैर मिटलेलं नाही, त्याच्या सन्मानाला आमची वडीलधारी माणसं हात लावत नाहीत. मग संत्री पिकायच्या दिवसांत, भर दुपारी, दोन गाड्या, चार रक्षक आणि एक बैल घेऊन स्वारी शाझिनाच्या अंगणात हजर. मध्यस्थीला गावातले सगळ्यात वडील, हाझारतकाका.

"शाझिने," काका म्हणाले, "तुझ्या छातीला ओठ टेकवू दे त्याला. तुझा मुलगा होईल तो. वैर संपेल. रीतच आहे आपली."

आता ही लाकूड उचलणार म्हणून आम्ही दोन पावलं मागे सरलो. शाझिनाने झगा नीट केला आणि म्हणाली, "टेकव म्हणावं."

मुश्नी वाकला, काळ्या झग्यावर ओठ टेकवले, म्हणाला, "आई." म्हातारे रडले. बैल कापला, मक्याची उकड घाटली, मिरचीचा लालभडक ठेचा आला. मुश्नी मोठ्या ऐटीत काकांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने उकडीला हात घातला.

"ऊठ!" शाझिना कडाडली. "पाहुणे जेवतायत आणि घरचा मुलगा बसतो होय रे?"

तिचं खरंच होतं. मुलाने उभ्याने वाढायचं असतं. मुश्नी निमूट उठला. हातात दारूची सुरई घेऊन चार तास उभा, आणि त्याचे रक्षक पाहुणे म्हणून बसून तट्ट जेवतायत! काय गार वाटलं म्हणून सांगू आम्हाला.

शेवटी काकांनी पेला उचलला. "वैर संपलं."

"आईचं संपलं," शाझिना म्हणाली. "मुश्नी, तू आता आदगूरचा कोण?"

"भाऊ, आई."

"आणि भावाला मारणाऱ्याचा सूड कोण घेतो?"

मुश्नीच्या तोंडावरचा रंग उडाला.

"रक्त नको मला," ती म्हणाली. "ज्याने माझ्या पोराला मारलं आणि वर पळपुटा ठरवलं, त्याचं नाव मातीत घाल. तू भाऊ आहेस, काम तुझं आहे."

काकांनी पेला खाली ठेवला. "बाई रीतीला धरून बोलते आहे," एवढंच म्हणाले.

हिवाळाभर मुश्नी घराबाहेर पडला नाही. भावाचा सूड न घेणाऱ्याच्या हातचं पाणी आमच्यात कुणी पीत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. वसंतात तो सभागृहात उभा राहिला, स्वतःच्या हातचा तो हुकूम वाचला, ट्रक कुठे गेले ते सांगितलं. चौक गेला. शाळांतल्या तसबिरी उतरल्या. स्मारकावर एकोणीस नावं कोरली गेली.

आदगूरच्या पुण्यतिथीला तो बसने आला, एकटा. सुरई घेऊन दुपारभर उभा राहिला. ऊन कललं तेव्हा शाझिनाजवळ येऊन हळूच म्हणाला, "केलं आई सांगितलंस ते. आता बसू?"

शाझिनाने फाटकाकडे बोट दाखवलं. काळ्या झग्यातल्या बायका एकामागून एक आत येत होत्या.

"सुरई भरून आण," ती म्हणाली. "अजून अठरा आया जेवायच्या आहेत."