हाक चाचांना, ओ भलत्याची

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या आमच्या गादीवाल्या चाचांवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीच्या आधीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. वेळ नेमकी सांगते, कारण मी तेव्हा त्यांच्याच दुकानातल्या बाकावर बसले होते. अन्याय झालाय हे आम्हाला कळलं तेसुद्धा चाचांच्या एका सवयीमुळे.

दुकानात नवं माणूस आलं की चाचा हातातली लांब सुई गादीत खोचून ठेवायचे, भुवयांवरचा कापूस झटकायचे आणि माप, कापड, काहीही बोलायच्या आधी विचारायचे, "काय म्हनून शोधलं?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. "म्हणजे?"

"मोबाईलवर काय लिवलं, तवा आमी सापडलो?"

गिऱ्हाईक सांगायला लागलं की खिळ्याला टांगलेली वही पुढे यायची. "बोलू नका, लिवा. जसं शोधलं तसंच. चुकलेलं असंल तर चुकलेलं."

त्या वहीत काय नव्हतं? 'कापसाची गादी'. 'गादी पिंजणारा जवळ'. 'जुनी गादी नवी करणे'. 'बाळंतिणीसाठी मऊ गादी'. 'कंबर दुखते गादी कोणती घ्यावी'. कुणी मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. कुणी जिल्ह्याचं नवं नाव टाकलेलं, कुणी जुनं. मी चाचांना विचारलं होतं, वेबसाइटवर जिल्ह्याचं नाव कोणतं टाकायचं? ते म्हणाले, "दोन्ही लिव. लोक ज्या नावानं हाक मारत्याल त्या नावानं ओ द्यायची. हाक मारनाराला शुद्धलेखन शिकवायचं न्हाई."

शहरात हीच गोष्ट शिकवायचे वर्ग भरतात, फळ्यावर बाण काढतात, शेवटी प्रमाणपत्रही देतात. चाचा सातवी पास. पिढीजात पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचं घरचं काम. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझं सांगते, कारण या प्रकरणात मीही आहे. मी पत्रकं लिहिते आणि वाटते. श्रीरामपूर तालुक्यातल्या छोट्या दुकानदारांसाठी तीन वर्षांपूर्वी मी एक पत्रक काढलं होतं. मथळा होता, 'इंटरनेटवर फक्त मोठ्यांचीच दुकानं का दिसावीत?' सात मुद्दे होते. चाचांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "पटलं. कुठं जायाचं?"

जायची गरज पडली नाही. नगरहून एक वेबसाइटवाला तेव्हा गावोगाव फिरत होताच. इस्त्रीचा शर्ट, कानात बटणासारखं यंत्र, तोंडात 'पहिला नंबर'. त्याने आठवड्यात साइट उभी केली. पहिल्या पानावर एक गादी गोल गोल फिरत होती. ती उघडेपर्यंत चाचांचा चहा पिऊन व्हायचा.

"ही फिरती कशाला?" चाचा म्हणाले. "मानसानं झोपायचं का चक्कर खायची?"

फिरती गादी काढली आणि पान झटक्यात उघडायला लागलं. मग मी आणि चाचा बसलो. दर गुरुवारी दुपारी वही मधे ठेवून एकेक पान लिहायचं. ते बोलायचे, मी टाइप करायची. 'कंबर दुखते' असं शोधणाऱ्यांसाठी पान करू या म्हटल्यावर ते लगेच सावध झाले. "बरी हुती असं लिवू नको. मी हकीम न्हाई. कडक भरून मिळंल, एवढं लिव. आन आधी डॉक्टरला दाखवा, हे बी लिव." मी फोटो टाकले तर विचारलं, "ह्यांची नावं?" मी म्हटलं, नुसते नंबर आहेत. त्यांना ते आवडलं नाही. प्रत्येक फोटोला त्यांनी नाव सांगितलं. 'लाल पट्ट्यांची दोन माणसांची गादी, टाके चार बोटांवर.' 'पाळण्यातली गादी, सुती खोळ.'

एक ओळ मला अजून पाठ आहे. 'जुन्या गादीतला कापूस फेकू नका. कापूस मरत नाही, दबतो. पिंजला की उठतो.' तो मजकूर चाचांचा. मी फक्त शुद्ध केला.

पाच-सहा महिन्यांनी फोन यायला लागले. राहुरीहून, नेवाशाहून, एकदा श्रीगोंद्याहून. चाचा प्रत्येक फोनवर आधी तोच प्रश्न विचारायचे.

पानं आम्हीच लिहितो, त्याच्याकडून काही विकत घेत नाही, हे वेबसाइटवाल्याला रुचलं नाही. तो दर महिन्याला यायचा आणि नवीन काहीतरी गळ्यात मारायला बघायचा. एकदा म्हणाला, "चाचा, शिर्डी टाकू. एवढी हॉटेलं आहेत तिथं, गाद्याच गाद्या लागतात."

"दुकान शिर्डीत न्हाई."

"कुणाला कळतंय?"

"जो शिर्डीत फिरत बसंल त्याला."

पुढच्या खेपेला तो पन्नास जणांचे खोटे अभिप्राय आणि त्यांच्या पाच-पाच चांदण्या आणून देणार होता. चाचांनी सुई थांबवली. "ज्यानं गादीला पाठ लावली न्हाई, त्यानं कशापायी लिवायचं?"

"सगळे करतात हो."

"मग सगळ्यांकडं जा. आमच्याकडं चहा पी."

त्याने चहा घेतला नाही. तेव्हा मला हसू आलं होतं. हसायला नको होतं.

तर तो सोमवार. दिवाळीआधी लोक घरं साफ करतात, जुन्या गाद्या पिंजायला काढतात, चाचांचा फोन खाली ठेवायची सोय नसते. त्या सकाळी फोन वाजलाच नाही. चाचा मला म्हणाले, "रेंज गेली व्हय?" मी माझ्या मोबाईलवरून त्यांना लावून पाहिला. वाजला. दोघांनी फोनकडे बघितलं.

अकराला राहुरीच्या एक शिक्षिका बाई आल्या. श्रीरामपूरला माहेर, तिकडे जाता जाता डोकावल्या होत्या. चाचांनी सुई खोचली, भुवया झटकल्या. "काय म्हनून शोधलं?"

"कापसाची गादी, श्रीरामपूरजवळ," बाई म्हणाल्या. "पण काका, मागच्या महिन्यात इथला पत्ता बघून ठेवला तेव्हा तर कापसाच्याच होत्या; तुम्ही फोमच्या गाद्या कधीपासून विकायला लागलात? मी तर तेवढ्यानं परत जाणार होते. पाटी दिसली म्हणून आत आले."

त्यांनी मोबाईल पुढे केला. पत्ता चाचांच्याच साइटचा. वर चाचांचंच वाक्य, 'कापूस मरत नाही, दबतो.' त्याखाली नगरच्या एका दुकानाच्या फोमच्या गाद्या, नंबर त्या दुकानाचा. वहीतला शब्द न् शब्द तिथे होता. बाळंतीण होती, कंबर होती, जिल्ह्याची दोन्ही नावं होती. फक्त चाचा नव्हते.

मी तिथूनच वेबसाइटवाल्याला फोन लावला. तो शांत होता. "मॅडम, डोमेन आमच्या नावावर आहे. पहिल्या दिवसापासून. तुम्ही कधी विचारलंच नाही."

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो कुणाच्या तरी नावावर नोंदवावा लागतो. नोंद ज्याची, पत्ता त्याचा. त्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवला होता आणि आता फोमवाल्याला देऊन टाकला होता. माझ्या पत्रकात सात मुद्दे होते आणि हा त्यात नव्हता. ते पत्रक मी लिहिलं होतं. माझ्या हातानं वाटलं होतं.

आम्ही पोलिसांत गेलो. अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरीला काय गेलं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण चाचांनी हात आडवा केला. "साहेब, हाक माझ्या नावानं येती आन ओ दुसराच देतो."

"अहो, पण सामान काय गेलं?"

"सामान हाय. सगळं हाय दुकानात."

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. नोंद कुणाच्या नावावर आहे ते कागद आणा म्हणाले. कागद त्याच्याच नावाचा होता, तो आणून काय करणार? मी बाहेर येऊन लई बडबडले. धरणं धरू, त्याच्या ऑफिसपुढे पत्रकं वाटू, काय काय. चाचा म्हणाले, "आधी नवा पत्ता काढ. या खेपेला माझ्या नावावर."

काढला. त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच मेलवर. सगळी पानं मी पुन्हा टाइप केली. पण नवा पत्ता म्हणजे गावात नवीन आलेलं बिऱ्हाड, त्याला कोण ओळखतंय? शोधणाऱ्या यंत्राला तर जुनंच दुकान खरं वाटत होतं, आणि चाचांची नवी पानं नक्कल. चाचांची स्वतःची वाक्यं, आणि नक्कल ठरले चाचा. याचा राग मला अजून येतो. तो गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "जुन्या पत्त्यावरची एवढी वर्सं उचलून हिकडं आनता येत न्हाईत का?"

"येतात चाचा. पण जुना पत्ता आपल्या नावावर असता तर. तिथून इकडे वाट वळवून देता आली असती."

"अस्सं," ते म्हणाले आणि दोरा ओवायला लागले. दोरा दोनदा चुकला. मी ओवून दिला.

लग्नसराई आली. गावातली माणसं आली, पूर्वीची आली, पण वहीत नवं पान लागेना. दुकानात माणूस आलं तर चाचा सवयीनं विचारायचे आणि उत्तर यायचं, "शोधलं कशाला, चाचा? मी मागच्याच गल्लीतला." चाचा हसायचे. वही खिळ्यावरून काढायचे नाहीत.

उन्हाळ्यात ते लेकीकडे मालेगावला राहायला गेले. पिंजायचं यंत्र एका ओळखीच्याला दिलं. दाराच्या आतल्या बाजूला वडिलांची जुनी पिंजण, म्हणजे तातेची दोरी ताणून लावलेली ती लांब लाकडी कमान, टांगलेली असायची. ती मात्र कापडात गुंडाळून बरोबर नेली. जायच्या दिवशी मी गेले तर शटर निम्म्यावर होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"तुझ्या कामाची हाय. दुसऱ्या कुनाला ओ द्यायची असंल तर."

"चाचा, चूक माझी होती. पत्रकात लिहायला पाहिजे होतं."

"मग लिव की," ते म्हणाले. "रडती कशाला?"

घरी येऊन वही उघडली. गिऱ्हाइकांची निरनिराळी अक्षरं, निळी, काळी, एक तर पेन्सिलीनं. शेवटचं पान मात्र सगळं एकाच हाताचं होतं. चाचांचं मोठं, सुटं अक्षर मी ओळखलं. एकट्यानं बसून ते स्वतःचंच दुकान शोधत होते, आणि मिळालेलं उत्तर प्रत्येक ओळीपुढे लिहीत गेले होते.

कापसाची गादी बेलापूर. न्हाई.
गादी पिंजनारा जवळ. न्हाई.
जुनी गादी नवी करने. न्हाई.
पिंजारी चाचा. न्हाई.

पान खालपर्यंत भरलं होतं.

म्हणून हा आठवा मुद्दा, जो तीन वर्षं उशिरा लिहितेय. तुमचं किराणा असेल, शिवणकाम असेल, लोणची असतील. वेबसाइट कुणी करून दिली असेल त्याला फोन लावा आणि विचारा, पत्ता कुणाच्या नावावर आहे? तुमच्या नावावर नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, आणि तसं लेखी घ्या. तो म्हणाला, "काळजी करू नका, आमच्याकडे सेफ आहे," तर त्याच क्षणी काळजी करा.

हा कागद खाली ठेवायच्या आधी लावा फोन.