डागाबद्दल विचारायचं नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे. ती चालवणारीला सगळे वहिनी म्हणतात. शाई, ग्रीस, चहा, काहीही सांडून आणा, डाग निघतो. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम ती मोठ्या तोऱ्यात पाळायची: गिऱ्हाइकाला डागाबद्दल विचारायचं नाही. घडी घालायची, कागदात बांधायची, हसून द्यायची.

घरातही तिने तेच केलं. तिची विधवा नणंद, आमची ताई, दुकानाच्या वरच राहते, तुटलेली बटणं लावून देते. पाळी जाऊन वर्षं झाली, तरी तिच्या चादरीवर रक्ताचे डाग यायला लागले. वहिनीने गार पाण्यात मीठ घालून ते काढले. मनात भलतंच आलं, कोणीतरी पुरुष असणार. आणि आपण बघून न बघितल्यासारखं केलं, याचं तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढे ताईची कंबर धरली, अंगावरून वास मारणारं पाणी जायला लागलं, तेव्हा ती वहिनीला घेऊन माझ्याकडे आली. मी बायकांना दवाखान्यात घेऊन जाते. शाळा सातवीत सुटली, पण केसपेपरच्या खिडकीवरून मला परत पाठवायची कुणाची टाप नाही.

तपासणी झाली, तपासायला तुकडा काढला, स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. दुसरी स्टेज, त्यातलाही पुढचा भाग."

"मग पिशवीच काढून टाका," ताई म्हणाली. "मला आता तिचं काय लोणचं घालायचंय?"

"रोग लहान आणि तोंडापुरता असता तर ऑपरेशनच केलं असतं. आता तो बाजूला शिरलाय. कापलं तरी कडेला उरायची भीती, मग वर शेक द्यावेच लागतात. दुहेरी त्रास कशाला? सरळ रेडिएशनचे शेक देऊ, त्याला रोज यायचं, सोबत केमोचं सलाइन. बरं करायलाच देतोय. फुप्फुसात वगैरे गेला असता तर उपचार वेगळे झाले असते."

ताई बाहेर बाकावर बसली ती हलेना. "कापत नाहीत म्हणजे हात टेकले. मला घरी न्या."

माझं डोकं सटकलं. "हात टेकलेली माणसं रोज बोलावतील का तुम्हाला? काही ऐकलंत की नाही आत?"



"ताई," वहिनी खाली मान घालून म्हणाली, "मी डाग बघितले होते. अगदी पहिल्यापासून. धुतले आणि गप्प बसले."

"माहितीये. चादर दिली की मी तुझं तोंड बघायचे. तुला डागातलं कळतं. तू काही बोलली नाहीस, म्हटलं, विशेष नसेल."

वहिनीने पदर तोंडात कोंबला. मग मला विचारलं, "तेव्हाच बोलले असते, तर ऑपरेशनवर भागलं असतं?"

"कदाचित," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ताईने वहिनीकडे वळून विचारलं, "आता काय म्हणतेस?"

"शेक घ्या, ताई."

"मग मघाशीच सांगायचंस. या बाईचं भाषण तरी टळलं असतं."

शेक सुरू आहेत. हल्ली रक्ताच्या डागाची चादर आली की वहिनी बायकांना एकीकडे घेऊन विचारते. दोन गिऱ्हाइकं तुटली. ताईसमोर मात्र तिची मान वर होत नाही. परवा ताईची चादर उजेडात धरून ती नुसतीच उभी राहिली.

"अगं, वर बघ," ताई पायरीवरून ओरडली. "तुझं तोंड दिसल्याशिवाय मला कसं कळणार, कसं चाललंय ते?"