गोलाकडं पाठ

चहाच्या टपरीवर नाना आज पुन्हा फायनलचा तो गोल सांगत होते. गोल सांगताना माणूस पाय उचलतोच. त्यांची चप्पल थेट भज्यांच्या कढईजवळ जाऊन पडली.

मीही तो गोल वीस वर्षं छातीठोकपणे सांगतो. खरं तर मी तो पाहिलेलाच नाही. मी बघितलं की आपला गडी पेनल्टी चुकवतो, अशी आमच्या पेठेची खात्री, आणि दोनदा तसं झालंही होतं. शेवटच्या पेनल्टीला नानांनीच मला खांदे धरून मैदानाकडं पाठ करून बसवलं. म्हणाले, "वळलास तर पेठेत पाऊल ठेवायचं नाही, पनवती."

मग समोर उरली नुसती गॅलरी. श्वास धरलेली शेकडो माणसं. आणि एका क्षणात ते सगळे चेहरे उजळले. गोल सगळ्यांनीच पाहिला. पण हे मैदानाकडं तोंड करून बसलेल्या कुणाला दिसलं?

आज नानांनी सगळ्यांसमोर मला खिंडीत गाठलं. "लई सांगतोस की. बॉल कुठल्या कोपऱ्यात गेला, सांग बघू."

"ते मला ठाऊक नाही, नाना," मी म्हणालो. "तुम्ही रडत होता, ते मी बघत होतो."

नानांनी गुपचूप माझा चहा सांगितला.