फेसाची बाटली

तेव्हा मी नदीतल्या फेसाविरुद्ध पत्रकं लिहायचो. संगमाच्या पुलाखाली फेसाचे पांढरे ढीग तरंगायचे आणि अख्खं पुणं नव्या गाड्यांवरून, नाक दाबून, पुढे जायचं. ‘फेस म्हणजे गुन्हा’ हे वाक्य माझं. आजही मागे घेत नाही.

एम.एस्सी.चा प्रकल्प मात्र साबणाचाच. साखर कारखान्याच्या मळीवर जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून, नदीत गेला तरी कुजून जाईल असा, साबण जास्तीत जास्त काढायचा. माझ्याबरोबर यवतमाळकडची एक मुलगी होती. या बॅचला उत्पादन वाढलं नाही तर आमच्या मार्गदर्शक मॅडम प्रकल्प बंद करणार होत्या, आणि सोमवारी तिला हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीला होकार कळवावा लागणार होता. नोकरी तिच्या घरच्यांना हवी होती, तिला नाही.

ती मोजायची, मी सकाळी फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायचं बंद भांडं, सांभाळायचो. आत हवा सोडली की फेस चढायचा आणि नळीतून बाजूच्या बाटलीत उतरायचा. ती बाटली मी रोज बेसिनमध्ये रिकामी करून लखलखीत धुवायचो. कुणी सांगितलं नव्हतं. फेस दिसला की हात जायचाच.

फर्मेंटरमधल्या द्रवाचा थेंब ती ताटलीतल्या पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर टाकायची आणि पट्टी लावायची. साबण जास्त, तर तवंग जास्त सरकणार. तो जेमतेम हलायचा. आम्ही हवा वाढवली. फेस वाढला, आकडा आणखी घसरला. हे काय चाललंय, दोघांनाही कळेना.

शनिवारी मॅडमनी पट्टी पाहिली, मग कोरडी बाटली.

"फेस कुठाय?"

"टाकला."

"साबण फेसाबरोबरच वर जातो. कुठे टाकलात आपण?"

"बेसिनमध्ये."

"म्हणजे नदीत. पुढच्या पत्रकात घाला तेवढं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काहून रे?" एवढंच म्हणाली.

बॅचचा एक दिवस उरला होता. रविवारी जमलेला फेस तिनं बसू दिला. खाली तपकिरी पाणी उरलं. त्याच्या एका थेंबानं तवंग थेट ताटलीच्या कडेला गेला. तिनं दोनदा मोजलं. सोमवारी कॉलेजबाहेरच्या टेलिफोन बूथवरून तिनं कंपनीला नाही म्हणून सांगितलं.

बाटलीवर तिनं कागद चिकटवला होता : पत्रकवाल्यानं हात लावू नये.

त्याच बाटलीसमोर बसून मी नवं पत्रक लिहायला घेतलं. ‘फेस म्हणजे गुन्हा’ लिहिलं. पुढचं वाक्य काही सुचेना.